दक्षिणेचा हिशेब

एकटाच हिमालयात निघालेला माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून क्षितिजाकडे चालू लागतो, तेव्हा मला काळजी वाटते ती कॅमेऱ्याची. तो बिचारा तिवईवर उभा आहे आणि साहेबांना शे-दोनशे पावलं मागे येऊन तो उचलायचा आहे. ते मागे येणं आपल्याला कधी दिसत नाही. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. मुंबईहून थेट विमानाने तिथं उतरलेल्या माणसाने पहिले एक-दोन दिवस खोलीत गपगार पडून राहायचं असतं. डोकं ठणकतं, जेवण समोर नको होतं, जिना चढला तरी धाप लागते. चित्रफितीत मात्र विमानाची चाकं टेकतात आणि पुढच्याच क्षणी पँगाँगचं निळं पाणी आणि ‘थ्री इडियट्स’मधली ती पिवळी स्कूटर! मधले दोन दिवस आणि उशाशी ठेवलेली बादली, हे सगळं कुठं गेलं?

लिहिणाऱ्यांनी फार हसू नये. आमच्या दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनं याच खानदानातली. निसर्ग मुक्तहस्ताने उधळण करतो, डोळ्यांचं पारणं फिटतं, शब्द अपुरे पडतात. शब्द अपुरे पडले की लेख चौदा पानी होतो. गावातली माणसं साधीभोळी असतात, चहा पाजतात आणि पैसे घेत नाहीत. ज्याने घेतले, तो लेखात येत नाही.

आता प्रवासाहून आलेल्या माणसाला आपण प्रत्यक्षात काय विचारतो ते आठवा. पहिला प्रश्न, ‘एकूण खर्च किती आला?’ दुसरा, ‘जेवणाचे हाल झाले का?’ तिसरा, आवाज जरा खाली आणून, पोटाबद्दलचा. स्विस पर्वतराजीचा नंबर त्यानंतर, तोही मोबाइलवरचे फोटो समोर धरले गेले तर. वाचणाराही हाच माणूस असतो. पुस्तक उघडलं म्हणून त्याच्या डोक्यातले प्रश्न बदलत नाहीत. पण लेखकाला वाटतं, खर्च आणि पोट या काय साहित्यात आणायच्या गोष्टी! मग वाचक पानं उलटतो, चित्रं पाहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, याला कोणीतरी फुकट नेलेलं दिसतंय.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बिनदिक्कत देणारा एक प्रवासी मराठीत होऊन गेला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’. नावातसुद्धा नटवेपणा नाही. आज कुणी असं नाव घेऊन गेला, तर प्रकाशक त्याला उपशीर्षक लावायला बसवेल.

भटजी १८५७ साली घराबाहेर का पडले? स्वतःच्या शोधात? मनाच्या हाकेला ओ देऊन? छे. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यावर लाखांनी खर्च होणार आणि ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणात पोचली. तेव्हा चुलत्यांना सोबत घेऊन गडी उत्तरेकडे निघाला. आपण पैशासाठी निघालो, हे तो आधीच सांगून टाकतो. कुणी विचारलं म्हणून नव्हे. कर्ज होतं, म्हणून प्रवास होता, इतकं ते सरळ आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही बायजाबाईंशी झालेली कोलॅब. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम घातला की, समाजमाध्यमावर कुणी पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या गोष्टीचं कौतुक करत असेल, तर तिथं तसं ठळक लिहिलं पाहिजे. नियम करावा लागला, यातच सगळं आलं. आता ती अक्षरं असतात, पण मुंगीच्या आकाराची आणि बरोब्बर जिथं बोटाने पडदा सरकवायचा तिथं. भटजींनी ती बाब मजकुरातच घातली आणि परिषदेला दीडेकशे वर्षं आधीच कामातून मोकळं केलं.

पुढे जे झालं, ते कुठल्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत बसणारं नव्हतं. महूच्या वाटेवर शिपाई भेटले आणि लवकरच बंडाचा भडका उडणार, अशी बातमी त्यांनी दिली. शहाण्या माणसाने तिथूनच वरसईची वाट धरली असती. पण कर्ज शहाण्या माणसालाही पुढे ढकलतं. हा भिक्षुक मग ग्वाल्हेर करत झाशीला पोचला आणि १८५८च्या वसंतात सर ह्यू रोजच्या इंग्रज फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा आतच अडकला. शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट त्याने पाहिली, लपून जीव वाचवला आणि लपलो, घाबरलो, असं लिहूनही ठेवलं. लुटालुटीतही त्याचा हिशेबी डोळा जागाच असतो. सोनंनाणं गेलं, मग भांडीकुंडी, मग धान्यसुद्धा, हे तो अशा तपशिलाने सांगतो की, घरं रिकामी होताना आपण दारात उभे आहोत, असं वाटावं. मिळालेली दक्षिणा हातची जाते, पुन्हा मिळते, पुन्हा जाते. वीररसाची इतकी मोठी संधी समोर असताना हा माणूस गाठीला काय उरलं ते मोजत बसतो आणि त्याच्यामुळेच ती झाशी खरी वाटते.

झाशीहून निसटून काल्पीकडे जाताना विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटल्याचा त्याचा प्रसंग कित्येकांना माहीत असतो. धुळीने माखलेली, तहानलेली राणी. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, तर ती विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करून घ्यायला नकार देते आणि स्वतः पाणी काढते. हा प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता, तर मी भुवई उंचावली असती. राणी आणि लेखक, एकाच विहिरीवर, अगदी वेळेवर! पण ज्याने आपली कर्जं, आपली भीती आणि आपली फजिती आधी ओतून ठेवली आहे, त्याने राणीबद्दल खोटं कशाला बोलावं? वाचकाचा विश्वास असा उधारीवर चालतो. आधी स्वतःची लाज तारण ठेवायची, मग राणी दाखवायची.

इथं इतिहासाचे प्राध्यापक खाकरतील. खाकरू द्या. भटजींनी हे सगळं लिहिलं ते पंचविसेक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून, आठवणीतून. तारखा सरकल्या आहेत, ऐकीव गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आहेत. चूक आहे ती आहेच. पण चुकणारा माणूस आणि पोज देणारा माणूस यांतला फरक वाचकाला बरोब्बर कळतो. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’चंच बघा. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची ती नर्मदेची परिक्रमा आणि वाटेवर शूलपाणीचं जंगल. त्या झाडीत परिक्रमावासी लुटला जायचा आणि लंगोटीवर बाहेर यायचा, ही तर तिची जुनी ख्याती. त्या पुस्तकातले चमत्कार पटत नाहीत, असे वाचक मला पुष्कळ भेटलेत. त्यांना भूक आणि पायांचे फोड मात्र पटलेले असतात. त्यात भेटणाऱ्या अश्वत्थाम्याबद्दल शंका घेत घेत ते पुस्तक शेवटपर्यंत वाचतात.

लांबच्या प्रवासाची हीच तर गंमत आहे. आठवडाभर कुणीही नटून राहू शकतो. तीन महिने राहता येत नाही. मग कपडे धुणं येतं, तिष्ठत बसणं येतं, धर्मशाळेतल्या सतरंजीवरून भांडण येतं, सोबत्याचा घोरण्याचा आवाज येतो आणि ‘आज काहीही घडलं नाही’ असा एक दिवस येतो. तो दिवस लिहिणारा प्रवासी मला द्या. मी त्याच्याबरोबर मथुरेपर्यंत पायी येतो. (म्हणजे वाचत. गुडघ्यांचं काही खरं नाही.)

अर्थात प्रामाणिकपणाला गिऱ्हाईक आहे, हे बाजाराला कळायला वेळ लागत नाही. हल्ली नवा प्रकार निघालाय. मनालीच्या खोलीत, उशीला टेकून, डोळ्यांत पाणी. ‘आज मी तुमच्याशी खरं बोलणार आहे, मित्रांनो.’ मग प्रवासातला एकटेपणा, थकवा, आईची आठवण. प्रकाश मात्र खिडकीतून नेमका गालावर. चौथ्या मिनिटाला डोळे पुसले जातात आणि पाठपिशवीवर वीस टक्के सूट मिळवून देणारा कोड पडद्यावर येतो. माणूस रडला हे खोटं असेलच असं नाही. पण खोलीचं भाडं कुणी भरलं ते त्याने सांगितलं असतं, तर मीही दोन टिपं गाळली असती.

दोष एकट्या प्रवाशांना देऊन चालणार नाही. गोडशांचं हस्तलिखितसुद्धा जसंच्या तसं छापायला आपण धजावलो नव्हतो. इंग्रज सरकारच्या धास्तीने ते त्यांच्या हयातीत बाहेर आलंच नाही. १९०७ साली वैद्यांनी छापलं, तेव्हा भाषेला इस्त्री केली आणि जे बरं दिसणार नाही असं त्यांना वाटलं, ते गाळलं. वैद्य मोठे विद्वान, हेतूही चांगलाच. भिक्षुकाची अघळपघळ बोली चारचौघांत शोभेल अशी करून द्यावी, एवढंच. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी लोकांपुढे आणला तो १९६६ मध्ये. फिल्टर उतरायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

दक्षिणेचा हिशेब मात्र वैद्यांनाही गाळता आला नाही. तो गाळला असता, तर भटजी वरसईतून निघालेच नसते.