सबाळ मुंबईदर्शन

तान्ह्या मुलासह प्रथमच केले जाणारे मुंबईदर्शन हा पर्यटनाचा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागतो, कारण पाहणारा कोण आणि पाहिले जाणारे काय, ह्यासंबंधीचे सर्व रूढ नियम त्यात उलटे होतात. ‘तान्हे मूल’ ह्या संज्ञेने येथे उष्टावण झालेले, म्हणजे मामाच्या मांडीवर बसून खिरीचे पहिले बोट चाटलेले, परंतु अद्याप रांगण्याची केवळ धमकी देणारे, सुमारे सात महिन्यांचे मूल अभिप्रेत आहे. त्याहून लहान मूल सारे शहर झोपेत पार पाडते आणि त्याहून मोठे मूल शहराच्या अंगावर धावून जाते. विवेचनाच्या सोयीसाठी आई, बाबा, आजी आणि बाळ असे डोंबिवलीचे कुटुंब प्रातिनिधिक धरले आहे.

प्रस्थानाचा दिवस ठरवणे हीच पहिली अडचण होय. इतर वारी लोकलमध्ये पाय ठेवण्यास जागा नसते आणि रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड तारांच्या दुरुस्तीसाठी काही मार्गांवरील वाहतूक काही तास बंद ठेवलेली असते. रेल्वे निदान आपला ब्लॉक आधी जाहीर करते. बाळाच्या झोपेचा आणि भुकेचा ब्लॉक मात्र पूर्वसूचनेशिवाय सुरू होतो. पाच वर्षांखालील मुलास रेल्वेचे तिकीट पडत नाही, पण ही सवलत देताना त्याच्यासोबतची दुपटी, झबली, डायपर, नाचणीचे सत्त्व, मऊ भाताचा डबा, गरम पाण्याचा थर्मास आणि आजीच्या आग्रहाखातर घेतलेली कुंची, म्हणजे डोके आणि पाठ एकत्र झाकणारे टोपडे, ह्यांचे आकारमान कोणी विचारात घेतले नसावे.

महिलांच्या डब्यात, जिथे तिघींच्या बाकावर चौथीने एका मांडीवर बसण्याचा संकेत आहे, तिथे बाळाला मात्र बाकामागून बाक आणि मांडीमागून मांडी उपलब्ध होते, आणि मुंब्र्याला आईजवळ असलेले बाळ ठाणे येईपर्यंत खिडकीजवळ बसून मटार सोलणाऱ्या एका अनोळखी बाईच्या पदराचे टोक चघळू लागते. ह्या हस्तांतरणाबरोबर सल्ल्यांचीही देवाणघेवाण होते, किंबहुना देवाणच होते. “अगं, वारा लागतोय त्याला, कुंची बांध,” असे ठाण्याला सुनावले जाते, आणि “किती उकडतंय लेकराला, काढ ती कुंची,” असे घाटकोपरला चढलेल्या मावशी आल्याआल्या फर्मावतात; दोन्ही वेळा आई निमूटपणे आज्ञापालन करते, कारण अनुभवाच्या जोरावर बोलणाऱ्या बाईशी धावत्या गाडीत वाद घालणे कोणालाही झेपणारे नसते. बाळाचे लक्ष ह्या सल्ल्यांकडे नसून छताला टांगलेल्या, एकाच लयीत झुलणाऱ्या कड्यांकडे असते, आणि त्याच्या मते मुंबईतील पाहण्यासारखे जे काही आहे, ते येथेच पाहून झालेले असते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांनी आखलेली, १८८८ साली पूर्ण झालेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली वास्तू असल्याचे बाबा आदल्या रात्री पाठ करून आलेला असतो. घुमटाकडे बोट दाखवून तो तोंड उघडतो, त्याच क्षणी डायपर बदलण्याची निकड उद्भवते, आणि कुटुंब जागतिक वारशाकडे पाठ करून एखादा स्वच्छ कोपरा शोधू लागते. अशाच गरजेपोटी एसटीच्या स्थानकांवर स्तनपानासाठी जे ‘हिरकणी कक्ष’ करण्यात आले, ते रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या गवळणीच्या नावाने ओळखले जातात. आख्यायिका तिच्या मातृप्रेमाचा यथोचित गौरव करते. गडावर जाताना बाळ घरी ठेवावे, ह्या तिच्या दूरदृष्टीकडे मात्र अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

गेटवे ऑफ इंडिया ही पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट ह्यांनी योजलेली, १९२४ साली खुली झालेली आणि १९४८ साली ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी जिच्यातून बाहेर पडली ती कमान होय. एवढा इतिहास पाठीशी असूनही ती बाळापुढे निष्प्रभ ठरते. परगावाहून आलेली मंडळी कमानीकडे पाठ करून बाळाचे गाल ओढतात, ‘एकच फोटो’ म्हणून त्याला उचलून घेतात, आणि पाहता पाहता बाळासमोर एक लहानशी रांग तयार होते, जिच्या व्यवस्थेचे काम आजी स्वखुशीने पत्करते. बाळ स्वतः कबुतरांकडे पाहत असते. घारापुरीच्या लेण्यांचा बेत आजीच्या गुडघ्यांनी तेथील शंभराहून अधिक पायऱ्यांचे नाव काढताच रद्द होतो, त्यावर अधिक भाष्य नको.

उरतो तो भायखळ्याच्या राणीच्या बागेतील पेंग्विन कक्ष. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवरचे हे हम्बोल्ट पेंग्विन येथे वातानुकूलित थंडाव्यात राहतात, आणि दिवसभरात प्रथमच गारवा लाभलेले कुटुंब त्यांच्यापेक्षा तेथील यंत्रणेकडे अधिक कृतज्ञतेने पाहते. बाळ काचेवर दोन्ही तळवे आपटून आनंदाने किंचाळते, परंतु आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे मुलांना साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास कळू लागते, त्यामुळे हा आनंद काचेत भेटलेल्या दुसऱ्या एका बाळाविषयीचा असतो. पलीकडे एक पेंग्विन थबकून हे सर्व न्याहाळत राहतो.

घरी परतताच बाळ किरकिर करू लागते आणि आजी दृष्ट काढते, म्हणजे मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळून तापलेल्या तव्यावर टाकते. अशा वेळी मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे मानण्याचा प्रघात आहे. ठसका लागत नाही. साहजिकच संशयितांची छाननी सुरू होते, आणि तीत मटार सोलणारी बाई, घाटकोपरच्या मावशी आणि गेटवेवरची रांग ह्यांचा क्रमाने विचार होतो. बाबा उपहासाने पेंग्विनचे नाव सुचवतो, आणि आजी, तो मेला बराच वेळ टक लावून उभा होता हे आठवून, आणखी दोन मिरच्या काढायला डबा उघडते.