आधी फेटा उतरवा

नोकरी सोडायची, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून घ्यायचा, उरलेलं आयुष्य रस्त्यावर काढायचं आणि त्याबद्दल लिहायचं, असा बेत पुण्या-मुंबईतली चाळिशीतली माणसं हल्ली बोलून दाखवतात. माझा त्याला विरोध नाही. हिंजवडीच्या सिग्नलला उमेदीची वर्षं जाळण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण नोकरी सोडणं सोपं असतं. तिच्यातून अंगात मुरलेली मोठेपणाची हाव सुटत नाही. ती सोबत घेऊन निघालात तर गाडीला चार चाकं असोत की सहा, तुम्ही होता तिथेच आहात.

याचं उदाहरण शोधायला माझ्यासारख्या शिर्डीकराला अमेरिकेत जावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोळनेरला 1868 मध्ये जन्मलेले गणपतराव सहस्रबुद्धे पोलीस खात्यात शिपाई होते. लावण्या रचायचे, तमाशाच्या फडात रमायचे. साईभक्त नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीला आले आणि साईबाबांनी त्यांच्यामागे एकच लकडा लावला : नोकरी सोड. गणपतराव मान डोलवायचे आणि पुढे ढकलायचे, कारण फौजदार व्हायचं होतं. एकदा फौजदारकी मिळू दे, मग सोडतो! आज याच जागी प्रमोशन आहे, गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आहे, मुलीची बारावी आहे. गणपतरावांची फौजदारकी राहिली ती राहिलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्दी उतरवली आणि पुढे महाराष्ट्राने त्यांना दासगणू महाराज म्हणून ओळखलं. गावोगाव कीर्तनं, संतांची ओवीबद्ध चरित्रं, 1939 मध्ये शेगावच्या गजानन महाराजांवरचा ‘गजानन विजय’, आणि 1962 मध्ये पंढरपुरात अखेर. नोकरी सोडून फिरण्याचं आणि लिहिण्याचं याहून मोठं मराठी उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पण मला त्यांच्या राजीनाम्यापेक्षा त्यांच्या फेट्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. साईबाबांच्या पोथीत, म्हणजे साईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात ती आहे. कीर्तनाला निघालेले दासगणू रीतीप्रमाणे अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट करून बाबांच्या पाया पडायला गेले. बाबांनी विचारलं, नवरदेवासारखा नटून कुठे निघालास? तो सगळा साज तिथेच उतरवायला लावला. तेव्हापासून दासगणू उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या एवढ्यावर कीर्तनाला उभे राहू लागले. चाकांवरच्या घराबद्दल लिहिणाऱ्यांचं पहिलं प्रकरण मात्र नेमकं साजाचंच असतं. सौर पॅनेल कोणतं, फ्रीज किती लिटरचा, छतावरचा तंबू कुठून मागवला. वाचणाऱ्याला शेवटी कळतं काय, तर या माणसाने पूर्वी फ्लॅट सजवला होता, आता गाडी सजवली.

साजानंतर येतो पैसा, आणि तिथे लिहिणारे एकदम गप्प होतात. गोविंद रघुनाथ दाभोलकर गप्प बसले नाहीत. साईसच्चरिताचे हे कर्ते सरकारी नोकरीतून 1916 मध्ये निवृत्त झाले. कुटुंब मोठं, पेन्शन तोकडं. त्यांच्यासाठी साईभक्त अण्णा चिंचणीकरांनी बाबांकडे दुसऱ्या नोकरीचं गाऱ्हाणं घातलं, आणि दाभोलकरांनी ते स्वतःच पोथीत लिहून ठेवलं. नऊ हजारांवर ओव्यांच्या पवित्र ग्रंथात आपल्या पेन्शनची ओढाताण मांडायला त्यांना संकोच वाटला नाही. 1929 मध्ये ते गेले, ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढा प्रामाणिकपणा दाखवायलाच हवा. महिन्याला डिझेल किती, टोल किती, आजारपणासाठी बाजूला काय ठेवलंय, आणि पुण्यातला फ्लॅट विकलाय की त्याच्याच भाड्यावर हे वैराग्य चाललंय, ते सांगा. नाही सांगितलंत तर तुमचं वाचून एखादा पोरगा भाड्याची खोली आणि हातातली नोकरी दोन्ही सोडून बसेल, आणि त्याच्याकडे मागे फ्लॅट नसेल.

कायद्याचीही तीच कथा. जुनी गाडी घेतली, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आतून पालटून घेतली, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेली मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच बजावलं आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे. वाहनं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आपल्या अहिल्यानगरलाच आहे. गॅसची शेगडी, बॅटऱ्यांची रास आणि झोपलेली लेकरं एकाच पत्र्याच्या खोलीत असतात, म्हणून हे नियम आहेत. त्यांना लालफितीचा जाच म्हणून हिणवणं बेजबाबदार आहे.

आणि रस्ता? समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, जून 2025 मध्ये सगळा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वेगाने पोहोचण्यासाठी तो उत्तम आहे. पण त्याच्या कडेला वाटेल तिथे गाडी लावून चहा टाकता येत नाही, आणि मधली गावं तर दिसतही नाहीत. ज्याला रस्त्यावर राहायचंय त्याने जुन्या रस्त्याने यावं. सिन्नर, वावी, झगडे फाटा. माणसं तिथे भेटतात.

तिथे भेटणारी माणसं चाकांवर आधीपासूनच राहतात. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे सारा राहाता-कोपरगाव पट्टा साखरेचा झाला. इथला ऊस तोडायला पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मान सोडवता येत नाही. टायरगाडीवर संसार, पाचटाची कोपी, पहाटेच्या अंधारात तोड, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटलेली. पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढ्यांचा वाडा घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याला परततात. पाणी कुठे मिळेल, रात्री कुठे टेकलं तर कोणी हुसकावणार नाही, बाईमाणसाने अंघोळ कुठे करायची, याचं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यांचं आहे. चाकांवरचं घर घेऊन निघालेला लेखक त्यांच्या शेजारून गाडी काढतो आणि पुढच्या घाटातल्या सूर्यास्तावर लिहितो, याचा मला राग येतो.

अमेरिकेत जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी हे नीट केलं. 2008 च्या मंदीत घर गमावलेले, म्हातारपणी व्हॅनमध्ये राहून गोदामांत हंगामी कामं करणारे लोक त्यांनी वर्षानुवर्षं सोबत राहून पाहिले आणि 2017 मध्ये ‘नोमॅडलँड’ लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. ब्रुडरबाईंनीही राहायला व्हॅन घेतली होती, पण त्यांचं पुस्तक त्या व्हॅनवर नाही. ते शेजारच्या व्हॅनमधल्या म्हातारीवर आहे.

ज्यांच्या दर्शनाला अख्खा देश प्रवास करून येतो ते साईबाबा धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर शिर्डीत आले, आणि 1918 च्या दसऱ्यापर्यंत राहाता-नीमगावच्या पलीकडे फारसे गेलेच नाहीत. पडकी मशीद, धुनी आणि ठरलेल्या पाच घरांची भिक्षा. दासगणूंना प्रयागला जायची ओढ लागली तेव्हा बाबांनी त्यांना एवढ्या लांब जायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं. धावपळ सोडायला चाकं लागतातच असं नाही, हे शिर्डीच्या मातीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

तरी ज्याला निघायचंय त्याने जरूर निघावं. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्या गर्दीतला मोठा वाटा शिर्डीला येणार. त्याआधी इथे गाडीत राहणाऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं आणि मैलापाण्याची टाकी रिकामी करायची पक्की जागा नगरपरिषदेने करावी, नाहीतर तो मैला ओढ्याने गोदावरीकडेच जाईल. आणि जे नळ, जी स्वच्छतागृहं पर्यटकाच्या गाडीसाठी होतील, तीच त्याच हंगामात ऊसतोडीच्या तळांवरही झाली पाहिजेत. तुम्ही गाडी घेऊन शिर्डीला आलात, तर दर्शन झाल्यावर एक संध्याकाळ कोप्यांवर घालवा, आणि लिहायचंच असेल तर पहिलं त्यांचं लिहा.