शिल्लक किलोमीटर

तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीकडे जाताना दरवर्षी आमच्या पिंपळीवरून जाते. एवढी माणसं पंढरपूरपर्यंत पायी जातात आणि कुणाला किलोमीटरचा दर विचारत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहतोय. त्यातून काही शिकलो असतो, तर कोल्हापूरला गाडी ठरवली नसती.

माणसं 42. मी म्हटलं, एसटी घेऊ. महामंडळाची अख्खी गाडी ‘प्रासंगिक करारा’वर मिळते, पुढं तशी पाटीही लागते. पुतण्या म्हणाला, “काका, वऱ्हाड वाटंल.” 1948 पासून महाराष्ट्राला नेणारी-आणणारी एसटी या एका वाक्यात बाद झाली.

मग खासगी गाडी. मालक गोड बोलले. “रोजचे कमीत कमी 300 किलोमीटर धरावे लागतात.” म्हणजे दोन दिवसांचे 600. आम्ही हिशेब मांडला: फलटण, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, वर ज्योतिबा आणि पन्हाळा, परत घर, सगळं 500 च्या आत बसतंय. उरलेल्या शंभराचं काय? “ते लागतातच.” टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. मग भाड्यात नेमकं काय येतं, हा प्रश्न मला इसार दिल्यावर सुचला.

गाडी पहाटे 5 ला येणार होती. 5 ला ‘निघालोय’ असा फोन आला. साडेसहाला गाडी आली, तीही फाट्यावर. “वस्तीत वायरी खाली हायेत, टपाला लागतील.” फाटा वस्तीपासून एक किलोमीटर. आम्ही पिशव्या, पाण्याचा जार आणि गुडघे दुखणारी आत्या घेऊन फाट्यावर गेलो.

सीट पुशबॅक होती, यात खोटं काही नव्हतं. माझी सीट मागं गेली ती परत पुढं आलीच नाही. मागं आत्या बसली होती. साताऱ्यापर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर असल्यासारखंच होतं. तिनं काही तक्रार केली नाही. माझ्या कपाळावर भेळेचा कागद ठेवून भेळ खाल्ली.

आदर्कीच्या घाटात एसी बंद झाला. “चढाला ओढत नाय,” ड्रायव्हरदादा म्हणाले. चढ संपल्यावर एसी चालू करायचं राहून गेलं. गाडी एसीची असल्यानं काचा उघडत नव्हत्या.

युरोपीय संघातल्या देशांत बसचालकानं साडेचार तास गाडी चालवली, की पाऊण तास थांबावंच लागतं. गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे 1961 च्या कायद्यानं पाच तासांनंतर अर्धा तास विसावा सांगितला. आमच्या दादांचा नियम दोन्हींपेक्षा सोपा होता: जिथं त्यांचं जेवण फुकट, तिथं आमचं विकत. कऱ्हाडात सगळे भुकेले होते, पण तो ढाबा पुढं होता.

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापर्यंत मोठी गाडी जात नाही. आम्ही रिक्षा केल्या, तिघातिघांच्या 14. तेवढा वेळ आमची गाडी झाडाखाली सावलीत उभी होती. तिचं भाडं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा. ‘चांगभलं’ म्हणत डोंगरावर गेलेला माणूस गुलाल न लागता खाली येत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दादांना ते आमच्या शर्टांवरून समजलं. “शिटा धुवायचं वेगळं द्यावं लागंल.” मी म्हटलं, देवाचा गुलाल आहे. ते म्हणाले, “म्हणूनच निघत नाय.”

रात्री साडेअकराला गाडी फाट्यावर थांबली. मी मीटर पाहिला. आमचा प्रवास भरला 489. म्हणजे पैसे भरलेले 111 किलोमीटर शिल्लक होते आणि घर एक किलोमीटरवर.

“दादा, त्यातला एक द्या. आत्याला चालवत नाही. वायरीपाशी सोडलं तरी चालेल.”

“काका, ड्युटी संपली.”

आत्याला दोन्हीकडून धरून आम्ही अंधारात चालायला लागलो. आमचे 111 किलोमीटर मागं फाट्यावर इंजिन चालू ठेवून उभे होते.