फुंकरशास्त्री

ज्याच्या स्वतःच्या घरी व्हिडिओ गेम कधीही नव्हता, परंतु मोहल्ल्यातील यच्चयावत् व्हिडिओ गेमांचे कुलमुखत्यारपत्र आपल्याच नावे झालेले आहे अशा थाटात जो उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर फिरत असे, त्या इसमाची ओळख वाचकांस नव्याने करून देण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. दारे-खिडक्या लावून, कूलरच्या पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत, ज्यांनी कधी काळी मे महिन्याच्या दुपारी टीव्हीपुढे मांडी ठोकली असेल, त्यांच्या शेजारी हा इसम आगंतुकपणे बसलेला असणारच. आमचा नमुना नागपूरचा. आम्ही त्याला फुंकरशास्त्री म्हणत असू, आणि त्याला ते नाव बहुमानाचे वाटत असे, यावरूनच त्याच्या स्वभावाची अर्धी कल्पना यावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा, जूनच्या अखेरीस उघडत असल्यामुळे हा संचारबंदीचा काळ सरकारमान्य सुट्टीनेच व्यापलेला असतो. अशा वेळी, जेवणाची ताटे उचलली जातात न जातात तोच, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला हा प्राणी आमच्या फाटकाची कडी वाजवी. ‘‘आलो न बे,’’ एवढेच त्याचे निवेदन. कोणी बोलावले, कशासाठी बोलावले, हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. वतनदार आपल्या वतनावर हजर होतो, त्याला आमंत्रण लागत नाही.

निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात फॅमिकॉम नावाचे जे यंत्र काढले, त्याच्या निरनिराळ्या नावांच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत शिरल्या. आमच्याकडचे यंत्र त्यांपैकीच एक. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात त्याची तार खुपसायची, बटण पिळून पिळून मुंग्यांच्या गर्दीतून चित्र हुडकायचे, आणि ‘‘त्या गेमने पिक्चर ट्यूब जाते’’ हा आईचा इशारा रोजच्या रोज तहकूब करून घ्यायचा, इतका उपचार झाला की खेळास आरंभ होई. म्हणजे व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात कॅसेट लावताच पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटींचा चिवडा उमटे, आणि हाच तो क्षण, ज्यासाठी फुंकरशास्त्री रणरणत्या उन्हातून चालत आलेला असे.

‘‘थांबा. कोणीच हात लावू नका.’’ मग तो कॅसेट उपसून घेई, पालथी करून तिच्या पोटातील पितळी दात उजेडाकडे धरून न्याहाळी, एखादा वैद्य जीभ पाहून मान हलवितो तशी मान हलवी, आणि डोळे मिटून, डावीकडून उजवीकडे, एका दमात, आवाज न करता फुंकर घाली. ही ‘आडवी’. आडवीने गुण न आल्यास ‘उभी’, म्हणजे तीन तुटक फुंकरा. आणि तीही वाया गेल्यास ‘महाफुंकर’, जिच्यासाठी तो आधी घोटभर पन्हे मागून घेत असे. (पन्ह्याचा आणि फुंकरीचा संबंध काय, हे विचारण्याचे धाडस माझ्या धाकट्या भावाने एकदा केले, तेव्हा त्याला दोन दिवस पाळी मिळाली नाही.) बहुतेक वेळा खेळ सुरू होई. शास्त्री पाठ भिंतीला टेकी, आणि यश हे आपणांस नित्याचेच असल्याप्रमाणे कूलरकडे पाहत राही.

आज हे सर्वश्रुत आहे की, गुण फुंकरीचा नव्हताच. कॅसेटचे ते साठ दात खाचेत नीट टेकत नसत. बाहेर काढून पुन्हा बसविल्याने ते टेकत, आणि मधल्या वेळेत कोणी फुंकर घातली, पाढे म्हटले किंवा नुसता उभा राहिला, तरी फल तेच मिळाले असते. उलट श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो, म्हणून खुद्द कंपनीनेच पुढे फुंकू नये असे ग्राहकांस बजावले. हे वर्तमान मी मोठ्या आनंदाने शास्त्र्याच्या कानी घातले, तर तो म्हणाला, ‘‘त्यांची फुंकर चुकत असेल.’’

या विद्येचा त्याने पुढे केलेला विस्तार मात्र कोणत्याही कंपनीच्या कल्पनेपलीकडचा होता. कूलरचा पंप पाणी ओढेना, शास्त्र्याने नळीत फुंकर मारली. पंपाऐवजी त्याच्याच तोंडावर उन्हाळाभराचे शेवाळ आले. कुकरची शिट्टी होईना, त्याने शिट्टीत फुंकर मारली, आणि माझ्या आईने त्याला स्वयंपाकघरातून कायमचे तडीपार केले. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेचा कागद हाती पडताच, तो उघडण्यापूर्वी त्याने कडेवर हलकीशी आडवी घातली. गणितात तो काठावर उत्तीर्ण झाला, तेव्हा आमच्यापैकी काहींचा फुंकरीवरील विश्वास दृढ झाला, आणि मला वाटते, त्याचाही त्याच दिवशी झाला.

दुसरे त्याचे कार्य म्हणजे जमाबंदी. आमच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले होते, आणि इतके खेळ एका मुठीएवढ्या डबीत मावतात यावर आमच्या मोहल्ल्यातील एकही मुलगा संशय घेत नव्हता. शास्त्र्याने घेतला. दोनशे पानी वहीत रकाने आखून त्याने एकेका खेळाची नोंद करावयास घेतली, आणि आठवडाभरातच जाहीर केले की, खरे खेळ मोजके असून बाकी सारे तेच खेळ नावे बदलून, वेगळ्या टप्प्यापासून सुरू होणारे, म्हणजे चक्क बेनामी आहेत. वहीखाली त्याने सही मात्र आद्याक्षरे उलटी करून केली. याचे मूळ माझ्या वडिलांत होते. ‘‘अंतराळच पाहायचे तर हे वाचा,’’ म्हणून त्यांनी आम्हांला नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ दिले होते, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती, हेही सांगितले होते. आम्ही पुस्तक उशीखाली ठेवले. शास्त्र्याने ते आमच्याच फरशीवर पालथा पडून एका दुपारी संपविले, आणि तेव्हापासून टीव्हीवरील कोणतेही अंतराळयान दिसताच, ‘‘नारळीकरांनी असं होऊ दिलं नसतं,’’ असा शेरा मारण्याचा हक्क त्याला प्राप्त झाला.

सल्ल्याच्या बाबतीत त्याची चूक कधी झालीच नाही असे नाही. सुपर मारियोच्या तिसऱ्या प्रदेशाच्या पहिल्याच टप्प्यात, शेवटच्या पायऱ्यांवर उतरणाऱ्या कासवावर नेमक्या जागी उडी मारली की, ते पायरीवर आदळून परत येते, मारियो त्यावर पुन्हा आदळतो, आणि हे चक्र साधले की फुकटच्या लाइफ धो धो गोळा होतात, ही विद्या मोहल्ल्यात त्यानेच आणली. एका शनिवारी त्याने आम्हांला या कासवावर जुंपले. ‘‘आज फक्त जमा करायच्या, खर्च नाही,’’ हा त्याचा हुकूम. आम्ही आळीपाळीने अंगठे दुखेपर्यंत जमा करीत राहिलो. मोजणीचे आकडे संपून पडद्यावर मुकुट नि चित्रविचित्र चिन्हे उमटू लागली. शास्त्री वहीत उभ्या रेघा ओढीत होता आणि शंभराचा पल्ला गाठताच त्याने पन्हे मागविले. पाचच्या सुमारास, कुबेराच्या ऐश्वर्यात, आम्ही पुढे निघालो. माझ्या भावाच्या हातून मारियो पहिल्याच खड्ड्यात पडला, आणि पडद्यावर दोन शब्द उमटले: गेम ओव्हर. कारण असे की, त्या यंत्राच्या हिशेबात लाइफची मोजणी १२७ पर्यंतच धन धरली जाते. त्यापुढे एक जरी मिळाली तरी खाते ऋणात जाते, आणि ऋणको मेला की कारभार बरखास्त. त्या वेळी हे कोणास ठाऊक? मोहल्ल्यातील आठ मुले एकाच वेळी शास्त्र्याकडे वळली. तो शांतपणे उठला, कॅसेट काढली, आणि आडवी घातली.

‘कॉन्ट्रा’मध्ये तीस लाइफ देणारा तो सुप्रसिद्ध संकेत त्याला अर्थातच मुखोद्गत होता: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी कारागिराने १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा खेळ तपासताना तो आपणांसच झेपेना म्हणून ही पळवाट ठेवली, ती पुढे त्याच्या कंपनीच्या इतर खेळांतही गेली. शास्त्री मात्र ती संध्येतील न्यासाप्रमाणे म्हणे, आणि मध्येच कोणी शिंकले तर पहिल्यापासून सुरू करावयास लावी.

संध्याकाळी खेळ आटोपून टीव्ही टीव्हीच्या मूळ कामाला लागला की, शास्त्र्याचा जाच दुसऱ्या स्वरूपात चालू होई. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी दाखविलेले ‘स्टार ट्रेक’ त्याने थोरल्या भावांच्या खांद्यांआडून पाहिले होते, आणि त्यातून एकच सिद्धान्त उचलला होता: कप्तानाबरोबर अनोळखी ग्रहावर जो लाल सदरेवाला उतरतो, तो परत येत नाही. सिद्धान्त खोटा नाही; परंतु शास्त्री तो यच्चयावत् मालिकांस लावी. १९९८ साली केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाला, मिलिंद सोमण बारा महाभयंकर गुन्हेगारांच्या मागे अंतराळात धावू लागला, आणि प्रत्येक नव्या पात्राच्या प्रवेशाबरोबर आमच्या मागून आवाज येई, ‘‘हा मरून राहिला.’’ लाल सदरा नसला तरी त्याचे अडत नसे. ‘‘चेहराच लाल आहे न बे त्याचा.’’ आजीच्या धार्मिक मालिकेतही तो एकदा असे बोलला, आणि ते पात्र खरोखरच मेले, तेव्हा आजीने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या.

आणि तरीही, मोठ्या नाखुशीने, एक नोंद त्याच्या जमेच्या बाजूला करणे मला प्राप्त आहे. भर भागात, गुन्हेगार सापडणार इतक्यात, वीज जाई. उन्हाळ्यात ती जावयाचीच. टीव्हीचा पडदा बारीक होत एका ठिपक्यात विझे, कूलर धापा टाकून थांबे, आणि आम्ही सारे उकाड्यात, अंधारात बसून असू. तेव्हा शास्त्री बोलू लागे. उरलेला भाग तो सांगे. पाहिलेला नसताना सांगे. यानाची दारे कशी उघडली, कोण फितूर निघाला, कोण लाल पडला, हे तो अशा तपशिलाने सांगे की, माझे वडीलसुद्धा व्हरांड्यातील आरामखुर्ची दाराशी ओढून घेत. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या गल्लीत वीज होती ती मुले भेटत आणि खरी हकीकत वेगळीच असल्याचे सांगत. ती नेहमी जरा कमी प्रतीची असे.

त्याच्या घरी टीव्हीही नव्हता, हे आम्हांला ठाऊक होते, पण ज्या अर्थाने मुलांना गोष्टी ठाऊक असतात त्या अर्थाने, म्हणजे त्यांचा विचार न करता. मुले आठ, रिमोट दोन, एक लाइफ गेली की पाळी संपली, असा आमचा कायदा. आणि शास्त्र्याची पाळी आली की, ‘‘माझी त्याला द्या, मी पाहून राहिलो न,’’ असे म्हणून तो ती लहानात लहान पोराला देऊन टाकी. एवढा मोठा जाणकार, त्याला आमच्या पोरखेळात रस कसा असणार, अशी आम्ही समजूत करून घेतली होती. रिमोट हाती आला, म्हणजे त्याला तो परत करावा लागला असता. वही आणि फुंकर त्याची स्वतःची होती.

आता तो एका सरकारी कचेरीत आहे, आणि तेथील छपाईयंत्र अडले की लोक त्याला बोलावतात. पुढचे मी सांगत नाही. यंदाच्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला, आणि हा गृहस्थ जुन्या हक्काने, मात्र डोक्याला पंचा न बांधता, रोज संध्याकाळी हजर होऊ लागला. भाचा कानांवर हेडफोन चढवून, तीन निरनिराळ्या शहरांतील मित्रांशी बोलत बोलत गोळ्या झाडीत असे, आणि शास्त्री त्याच्या मागे बसून, कोणी विचारलेले नसताना, कोण मरणार ते सांगत असे. चार दिवस पोराने सोसले. पाचव्या दिवशी त्याने, केवळ सूड म्हणून, परदेशातून आणविलेल्या आपल्या यंत्रावर १९८५ चा मूळ सुपर मारियो लावला आणि रिमोट शास्त्र्याच्या हातात दिला. ‘‘काका, आता तुम्हीच दाखवा.’’

ज्याला कासवाची युक्ती, ढग आणि झुडुपे यांचे चित्र एकच असून नुसता रंग बदललेला आहे हे रहस्य, आणि दुसऱ्या टप्प्यात छतावरून धावत जाऊन गुप्त नळ कसे गाठावेत, हे सारे तीस वर्षे पाठ आहे, तो शास्त्री चार पावले चालला आणि खेळातील पहिल्याच, सर्वांत निरुपद्रवी, तपकिरी भुताला जाऊन धडकला. भाचा पोट धरून हसला. ‘‘काका, तुम्ही कधी खेळलाच नाहीत की काय?’’

शास्त्र्याने रिमोट उलटा करून पाहिला. ‘‘हा काढून परत लाव,’’ तो म्हणाला. या नव्या यंत्राचे रिमोट खरोखरच काढून परत लावता येतात, त्यामुळे पोराला ते करावे लागले. मधल्या वेळेत काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या लाइफला तो भूत ओलांडून नळावर आपटला. तिसऱ्या लाइफला भाचा हेडफोन काढून त्याच्या शेजारी सरकला होता आणि, ‘‘आता उडी, आता नाही, आता!’’ असे ओरडत होता, आणि शास्त्री, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांस सल्ला दिला, तो निमूटपणे ऐकत होता. पहिला टप्पा त्यांनी साडेआठला पार केला. त्यानंतर त्यांनी दुसरा धरला, आणि शास्त्र्याने आतून पन्हे मागविले. रात्रीचे साडेनऊ वाजले, ताटे दोनदा गरम झाली, तरी माझी पाळी काही आली नव्हती.