330 चा हट्ट

आपल्याकडच्या प्रोग्रामरांच्या हाताला एक वाईट खोड लागली आहे. वेळेचा प्रश्न आला की ते 330 मिळवतात. साडेपाच तासांची मिनिटं 330, सेकंद 19800. जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, एवढे मिळवले की भारताची वेळ आली आणि काम संपलं! देशाला एकच वेळ, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगड नाही, म्हणून ही खोड वर्षानुवर्षं खपून जाते. परदेशी ग्राहक आला की मात्र तिचे चटके बसायला लागतात.

घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या आमच्या शिनोलीतली पोरंपोरीही आता लॅपटॉपवर सातासमुद्रापलीकडची कामं करतात. आजचं सदर त्यांच्यासाठी.

बहुतेक जुन्या कोडमध्ये ‘टाइमझोनहेल्पर’ नावाचा एक क्लास सापडतो. सुरुवातीला त्यात दोन मेथड असतात. मग अमेरिकेचा ग्राहक येतो, मार्चमध्ये मीटिंगा तासाभराने सरकतात, आणि कुणीतरी घाईत ‘महिना मार्च असेल तर’ अशी अट घालतं. युरोपात घड्याळ त्याच रविवारी बदलत नाही, म्हणून दुसरी अट. नेपाळची वेळ पावणेसहा तासांची, आणि क्लासने फरक अर्ध्या तासांच्या हिशेबात धरलेला, म्हणून तिसरी. पाच-सहा वर्षांत तो क्लास हजार ओळींचा होतो आणि त्याला हात लावायला कुणी धजावत नाही. मग एक दिवस तो नव्या मुलाच्या गळ्यात पडतो: ‘जरा रिफॅक्टर कर.’ आणि तो बिचारा मेथडची नावं सुधारत बसतो.

नावं सुधारून काहीही होणार नाही. असा क्लास नीटनेटका करायचा नसतो, रिकामा करायचा असतो. त्यातला गोंधळ मुळात कोडचा नाहीच. वेगवेगळ्या गोष्टींना एकाच प्रकारची ‘वेळ’ मानल्याचा तो परिणाम आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या गावागावांत आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून टाकायचे. महाराष्ट्रात 1 जूनला कागदोपत्री वाढदिवस असलेली माणसं त्यामुळे उदंड आहेत. आता ही 1 जून प्रणालीत भरा. क्लास तिला रात्री बाराची वेळ चिकटवतो, मग ती यूटीसीत नेतो, आणि साठवली जाते 31 मे, संध्याकाळचे साडेसहा. वाचताना कुणी साडेपाच तास परत मिळवायला विसरलं की त्या माणसाचा जन्म 31 मेचा होतो. आधार कार्डावर एक तारीख, अर्जावर दुसरी, आणि फेऱ्या मारायच्या त्या म्हाताऱ्या माणसाने. जन्मतारखेला टाइमझोन नसतो. ती फक्त तारीख असते आणि तारीख म्हणूनच ठेवायला हवी.

‘आम्ही 330 न विसरता मिळवतो’ म्हणणाऱ्यांचंही भलं होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत, भारताची घड्याळं तासभर पुढे होती, म्हणजे फरक साडेसहा तासांचा. हे चांगल्या लायब्ररीला माहीत असतं. त्यामुळे 1 जून 1944 ची मध्यरात्र ती 31 मेच्या साडेपाचवर नेऊन ठेवते. तुमचा क्लास त्यात नेहमीचे साडेपाच तास मिळवतो आणि रात्रीच्या अकरावर थांबतो. तारीख पुन्हा 31 मेच.

हे सगळे फेरबदल लिहून ठेवणारी जगाची एक नोंदवही आहे, टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, आज पॉल एगर्ट आणि अनेक स्वयंसेवक ती सांभाळतात. देशोदेशीची सरकारं ऐन वेळी नियम बदलतात आणि ही माणसं ते टिपून ठेवतात. जगभरचे फोन आणि सर्व्हर तिच्यावर चालतात. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. भारताची तिथली नोंद ‘आशिया/कोलकाता’. मुंबई शहराने 1955 पर्यंत आपली वेगळी वेळ सोडली नव्हती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढची. तिची वेगळी नोंद तिथे नाही. म्हणजे नोंदवहीलाही मर्यादा आहेत, पण तुमच्या हजार ओळींपेक्षा ती कितीतरी जास्त जाणते.

ती वापरतानाही डोकं जागेवर हवं. पायथनमधल्या पायटीझेड या जुन्या लायब्ररीत कोलकाता झोन सरळ तारखेला चिकटवला, तर फरक साडेपाच तासांचा न येता 5 तास 53 मिनिटांचा येतो, म्हणजे कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ. दहाची मीटिंग 9 वाजून 37 मिनिटांनी. या 23 मिनिटांनी आपल्याकडच्या अनेकांच्या रात्री खाल्ल्या आहेत. पायथन 3.9 पासून झोनइन्फो भाषेतच आलं आहे, ते वापरा. जावात आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, जावा डॉट टाइम आहे. तरीही 2014 नंतर लिहिलेल्या कोडमध्ये जुना डेट क्लास दिसतो, याला आळसाशिवाय दुसरं नाव नाही.

मग करायचं काय? आधी टेस्ट लिहा. आजचा क्लास जे उत्तर देतो ते, चुकीचं असलं तरी, टेस्टमध्ये पकडून ठेवा, म्हणजे काय बदललं ते कळेल. तारखा अडचणीच्या निवडा: 8 मार्च 2026 चे पहाटेचे अडीच न्यूयॉर्कमध्ये अस्तित्वातच नाहीत, आणि 1 नोव्हेंबर 2026 चा दीड तिथे दोनदा वाजतो. मग क्लासला हाक मारणारी एकेक जागा पाहा आणि तिला नेमकं काय हवं आहे ते विचारा. घडून गेलेला क्षण असेल तर यूटीसीत ठेवा आणि पडद्यावर दाखवतानाच बदला. जन्मतारीख, सुट्टी, देय तारीख असेल तर नुसती तारीख ठेवा. पुढची भेट ठरवायची असेल तर तिथली स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही ठेवा. कारण नियम बदलतात, अमेरिकेने 2007 मध्ये बदलले तसे. आणि ‘आयएसटी’ ही तीन अक्षरं कुठेही साठवू नका. ती इस्रायलचीही आहेत आणि आयर्लंडचीही.

जागा एकेक करून बदलत गेलात की क्लास आपोआप रिकामा होतो. शेवटी तो पुसून टाका.

एकाच माणसाला अनेक वेळा सांभाळाव्या लागतात हे काही नवं नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. रेडिओ खगोलशास्त्रज्ञाला कामाच्या पाळीसाठी भारतीय प्रमाणवेळ लागते, जगाशी निरीक्षणं जुळवायला यूटीसी, आणि तारा कधी उगवेल ते कळायला नाक्षत्रवेळ, कारण तोच तारा रोज जवळपास 3 मिनिटं 56 सेकंद आधी उगवतो. प्रत्येक वेळेला तिचं नाव असतं आणि एकीच्या जागी दुसरी कुणी धरत नाही. ही शिस्त आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

सोमवारी कामाला बसाल तेव्हा आपल्या कोडमध्ये तीन आकडे शोधा: 330, 19800 आणि 19800000. सापडेल त्या प्रत्येक जागेची यादी करून टीमसमोर ठेवा, आणि जन्मतारखेला हात लावणारी जागा सगळ्यात आधी दुरुस्त करा.