डिंकाचा महिमा

2017 च्या जुलैत इंटेलने पत्रकारांसमोर काही स्लाइड्स ठेवल्या. विषय होता एएमडीचा नवा सर्व्हर प्रोसेसर, एपिक. डेस्कटॉपच्या चार चिपा डिंकाने चिकटवून केलेला प्रकार, अशी त्याची संभावना त्यात होती. खानदानी कंपनी असलं काही करत नसते, हे वेगळं लिहायची गरज पडली नाही.

नोव्हेंबर उजाडला आणि इंटेलने स्वतःच एक जोडकाम जाहीर केलं. एका बाजूला आपला प्रोसेसर, शेजारी ग्राफिक्ससाठी चक्क एएमडीची रेडिऑन चिप, तिला लागून मेमरी. ग्राफिक्स आणि मेमरी यांच्या पोटाखालून सिलिकॉनचा इवलासा पूल. याला मात्र डिंक म्हणायचं नाही. याचं नाव 'एम्बेडेड मल्टि-डाय इंटरकनेक्ट ब्रिज'. शेजाऱ्याने लावला तो डिंक, आपण लावला तो ब्रिज!

त्याच आठवड्यात एएमडीचे ग्राफिक्सप्रमुख राजा कोडुरी राजीनामा देऊन इंटेलमध्ये जात असल्याचं जाहीर झालं. काम काय, तर एएमडीच्या तोडीच्या ग्राफिक्स चिपा बनवायच्या. पंगत उठायच्या आत वरपक्षाने मुलीकडचा आचारीच फोडला म्हणायचा. दोन वर्षांनी, 2019 मध्ये, इंटेलने ती जोडचिप बंद करत असल्याचं सांगून टाकलं.

एएमडीने तरी फार हसू नये. 2007 च्या सुमारास हीच कंपनी इंटेलच्या चार कोअरच्या प्रोसेसरकडे बघून नाकं मुरडत होती. दोन-दोन कोअरच्या दोन चिपा शेजारी बसवल्यात, अस्सल चार कोअर फक्त आमच्याकडे, असा तेव्हाचा तोरा.

या दोघांची गाठ पक्की केली ती आयबीएमने. 1981 च्या पीसीसाठी इंटेलचा प्रोसेसर पसंत पडला, पण एकाच पुरवठादारावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून 1982 मध्ये इंटेल आणि एएमडीचा तंत्रज्ञान देवाणघेवाणीचा करार झाला. पुढे इंटेलचा 386 प्रोसेसर आला, इंटेलने हात आखडता घेतला आणि सुरू झालेले लवाद नि दावे 1995 पर्यंत चालले. तेवढ्यात वकिलांच्या किती पिढ्या शिकून निघाल्या असतील!

खरी गंमत त्यानंतरची. 64 बिटांसाठी इंटेलने इटॅनियम या नव्या रचनेवर भिस्त ठेवली. एएमडीने इंटेलच्या जुन्याच x86 रचनेला 64 बिटांचं ठिगळ लावलं आणि बाजाराने ठिगळ उचललं. 2004 मध्ये इंटेलला तेच मुकाट्याने घ्यावं लागलं. आज इंटेलच्या पीसी प्रोसेसरमध्ये एएमडीचा विस्तार आहे आणि एएमडीच्या प्रोसेसरचा पाया इंटेलचा. 2009 मध्ये इंटेलने 125 कोटी डॉलर मोजून जुनी भांडणं मिटवली. त्या वेळच्या परवाना करारात एक कलम आहे: दोघींपैकी एकीची मालकी बदलली तर परवाना दोघींचाही संपतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी विकली जाऊ नये, अशी प्रार्थना दोन्ही कंपन्यांना करावी लागते.

पुण्याला इथे दोन्हीकडून अभिमान बाळगायची सोय आहे. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमचे जनक ठरले आणि पुढे एएमडीच्या के6 प्रोसेसरच्या कामातही होते. तो के6 पेंटियमच्याच सॉकेट 7 मध्ये बसायचा.

एनव्हिडियाची कथा निराळी नाही. तिचे प्रमुख जेन्सन ह्वांग तरुणपणी एएमडीत मायक्रोप्रोसेसर डिझाइन करायचे. आज एएमडीच्या प्रमुख असलेल्या लिसा सू यांच्या आईचे ते आतेभाऊ, म्हणजे नात्याने मामाच. चिपसेटच्या परवान्यावरून इंटेल आणि एनव्हिडिया कोर्टात गेल्या होत्या. 2011 मध्ये इंटेलने 150 कोटी डॉलर द्यायचं कबूल करून ते प्रकरण संपवलं. सप्टेंबर 2025 मध्ये पैशाने दिशा बदलली: एनव्हिडियाने इंटेलमध्ये 500 कोटी डॉलर गुंतवायची घोषणा केली, आणि इंटेलच्या प्रोसेसरशेजारी एनव्हिडियाचं ग्राफिक्स बसवायचं ठरलं. मामाच्या आणि भाचीच्या भारी चिपा तयार होतात तैवानच्या टीएसएमसीत. इंटेलच्या लूनर लेकमधला प्रोसेसरचा तुकडाही तिथलाच.

एवढं सगळं असून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवून घेणारा पोरगा काउंटरवर हात आपटून सांगतो, "आपण कट्टर एएमडीवाले, दुसरं काही दाखवू नका." दुकानदार मान डोलावतो आणि बिलाच्या पहिल्या ओळीत एएमडीचा रायझन लिहितो, दुसऱ्या ओळीत एनव्हिडियाचं कार्ड.