कुळ विचारणारे आप्पा

हिंजवडीतल्या कुठल्याही इमारतीत, कुठल्याही मजल्यावर जा, एक आप्पा सापडतातच. पन्नाशी उलटलेली, खिशाला दोन पेनं (गेल्या दहा वर्षांत एकाचंही टोपण निघालेलं नाही) आणि खुर्चीच्या पाठीला ऐन वैशाखातही स्वेटर. हा स्वेटर सर्व्हर रूमच्या थंडीसाठी. सर्व्हर क्लाउडवर गेले तरी स्वेटर गेला नाही. व्हिजिटिंग कार्डावर त्यांचा हुद्दा दोन ओळींचा असतो, काम एकच. जो सर्व्हर उठत नाही, त्याला उठवणं.

मुलं धावत येतात. "आप्पा, हाताने चालवलं की मस्त चालतंय, पण मशीन रीबूट झालं की पडतंय!"

आप्पा स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत. चहात बिस्कीट बुडवत विचारतात, "आई कोण तिची?"

"कोणाची?"

"प्रोसेसची. कोणाच्या पोटची आहे?"

लग्न जुळवणाऱ्या मंडळींसारखे आप्पा आधी कुळ विचारतात, गुण नंतर. युनिक्सच्या घराण्यात त्याला अर्थ आहे. तिथे प्रत्येक प्रोसेस दुसरीच्या पोटी जन्मते आणि येताना आईचं सगळं घेऊन येते: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, कुठल्या फोल्डरात उभी आहे ते, आणि किती फायली उघडायची मुभा आहे तेही. मुलाने टर्मिनलवरून चालवली तर आई त्याचा स्वतःचा शेल, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. मशीन सुरू होताना तीच प्रोसेस सिस्टीम-डीच्या, म्हणजे क्रमांक १ च्या पोटी येते. ते घर काटकसरी. मागाल तेवढंच मिळेल, तेही लेखी मागितलं तर.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. पहाटे तीनला आमच्या सर्व्हरने 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत अंग टाकलं. नव्या मुलाला वाटलं, कोणीतरी खूप फायली उघड्या ठेवल्या असतील, बंद करू. त्याला कोण सांगणार की लिनक्सच्या हिशेबात नेटवर्कचं प्रत्येक कनेक्शनही फाईलच. नेहमीची सॉफ्ट लिमिट १०२४. त्यातल्या तीन तर जन्मतःच खर्ची पडलेल्या. दिवाळीच्या खरेदीला लोटलेली गिऱ्हाइकं उरलेल्या १०२१ मध्ये कशी मावणार?

मुलगा हुशार होता. त्याने लिमिट्स-कॉन्फमध्ये ६५५३६ लिहिलं. मशीन रीबूट. सर्व्हर पडला. त्याने तीच ओळ आणखी एकदा, खाली, लिहिली. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा लिहिताना आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"अथर्वशीर्ष म्हणतोयस का? किती आवर्तनं?"

मग शांतपणे समजावलं. ती फाईल वाचतो पॅम, आणि तो उभा असतो लॉगिनच्या दारात. दारातून येणाऱ्याला तो वाढीव मुभेची चिठ्ठी देतो. तुझा सर्व्हर दारातून आलाच नाही, तो घरातच जन्मला. त्याच्यासाठी त्याच्या सर्व्हिस फाईलमध्ये लिमिट-नोफाइल लिहायचं, डेमन-रीलोड करायचं, मग रीस्टार्ट. आणि लिहिलं म्हणजे मिळालं असं समजायचं नाही. प्रोकमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली लिमिट्स नावाची फाईल असते, ती वाचायची. "टर्मिनलवर युलिमिट विचारलंस तर तो तुझी लिमिट सांगेल. तुझी कोणी विचारली आहे?"

हे वाक्य त्या मुलाला जिव्हारी लागलं असावं. दोन दिवस तो आप्पांशी बोलला नाही. माझ्या मते आप्पांचं इथे चुकलंच. पहाटे तीनला एवढं खरं बोलू नये.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनवर तर आप्पांचा खास जीव. क्रॉनला बहुतेक ठिकाणी यूएसआर-बिन आणि बिन या दोनच गल्ल्या माहीत असतात. तिसऱ्या गल्लीतली कमांड सांगितली की 'सापडत नाही' म्हणून मोकळा. म्हणून आप्पा प्रत्येक कमांडचा मुळापासून पूर्ण पाथ लिहितात, आणि ही सवय घरीही घेऊन जातात. वहिनींना दिलेली त्यांची एक यादी मी पाहिली आहे: "तुळशीबागेकडून यावे, मंडईच्या दगडी इमारतीत शिरावे, डाव्या हाताचा तिसरा गाळा, कोथिंबीर जुडी १." वहिनी तीस वर्षं त्याच गाळ्यावरून कोथिंबीर आणतात. त्यांनी यादीखाली लिहिलं होतं: "पाथ सापडला. पैसे सापडले नाहीत."

एकदा मात्र आप्पांना खरोखर राग आलेला पाहिला. ग्राहकांची मराठी नावं छापणारा जुना जावा प्रोग्राम दिवसा, हाताने चालवला की सुरेख छापायचा. रात्री क्रॉनने चालवला की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. कारण तेच. लॉगिन केलेल्या शेलला भाषा ठाऊक होती, क्रॉनला लँग नावाचं व्हेरिएबल कोणी दिलंच नव्हतं, आणि जुना जावा अशा वेळी फक्त आस्की ओळखतो. पाचशे पानं प्रश्नचिन्हांची. आप्पांनी एक ओळ वाढवली आणि वर कॉमेंट लिहिली: "ही ओळ काढू नये. काढल्यास आपले आडनाव काय, ते आपणच शोधावे."

त्यांच्या स्क्रिप्टांमधल्या कॉमेंट म्हणजे सदाशिव पेठेतल्या पाट्याच. "येथे एक्सपोर्ट करू नये. .बॅशआरसीत करून झाले आहे, उपयोग झाला नाही." हे खरं आहे, शेल उघडताना वाचल्या जाणाऱ्या उबुंटूच्या .बॅशआरसीच्या डोक्यावरच अट असते, की समोर माणूस बसलेला नसेल तर पुढचं वाचूच नये. आप्पांना ही अट मनापासून आवडते. दारावर लावण्यासारखी आहे, म्हणतात.

आणि 'चालतंय' हा शब्द ते स्वीकारत नाहीत. "हाताने, की आपोआप?" मग मशीन रीबूट करायला लावतात, खुर्ची ओढून बसतात, आणि प्रोसेस कोणी हात न लावता उठेपर्यंत उठत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने स्वतः लग्न ठरवलं. नातेवाईक जमले, कुळ, गोत्र, मूळ गाव, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. आम्ही ऑफिसची मंडळी कोपऱ्यात एकमेकांना कोपरं मारत होतो, आता आप्पा ट्री काढायला लावणार. आप्पांनी सगळ्यांना थांबवलं आणि मुलाला एकच विचारलं, "पहाटे तीनला फोन आला तर उचलता का?"

"उचलावाच लागतो," तो म्हणाला. "बाळंतपणं त्याच वेळेला येतात."

आप्पांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला आणि पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.